वद्य द्वितीयेचं जेट

पहिलं रिमोटचं जेट घ्यायचं म्हटलं की माणूस आधी लढाऊ विमानांपुढे जाऊन उभा राहतो. मलाही मिग-२१ हवं होतं. आमच्या पिढीने वहीच्या मागच्या पानावर विमान म्हणून जे काढलं ते हेच: पुढे उघडं तोंड, मागे आगीचं शेपूट, मधे त्रिकोणी पंख. नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात ही विमानं बांधली गेली, त्यामुळे त्यांच्याबद्दल थोडा घरचेपणाही. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने त्यांना निरोप दिला तेव्हा टीव्हीसमोर बसून डोळे पुसणारे काका मी पाहिले आहेत. पण त्रिकोणी पंखांचं विमान हळू उडायला नाखूश असतं. वेग उतरला की ते नाक वर करून लोंबकळू लागतं, हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि त्यातून सुटायला लागतो तो आयत्या वेळचा जोर. छोट्या पंख्याच्या जेटपाशी नेमका तोच नसतो.

जेट म्हणायचं, पण आत जळत काहीच नाही. विमानाच्या पोटातून आरपार गेलेली नळी, नळीत घट्ट बसवलेला पंखा, पंख्याला फिरवणारी मोटर आणि पुढे बॅटरी. सगळे त्याला ईडीएफ म्हणतात, मीही म्हणतो. माझ्या आधीच्या विमानाला दहा इंची प्रॉपेलर होता. ६४ मिलिमीटरचा पंखा त्याच्याशेजारी ठेवला तर व्यास पाव भरतो, म्हणजे हवेला धरणारं वर्तुळ जवळजवळ सोळा पटींनी लहान. एवढ्याशा भोकातून तेवढाच रेटा काढायचा तर थोडीच हवा फार जोरात मागे फेकावी लागते, आणि हा व्यवहार महागात जातो. चार सेलची २२०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी. पंखा पूर्ण जोरात असला की ४० अँपिअरच्या आसपास ओढतो. हिशेब केला तर हाती सव्वातीन मिनिटं येतात. त्यातलाही शेवटचा पाचवा हिस्सा वापरायचा नाही, कारण लिथियम-पॉलिमर सेल पार उपसला की फुगतो आणि कायमचा कामातून जातो. मधे मधे थ्रॉटल उतरवत, वेगावर तरंगत उडवलं तर चारेक मिनिटं मिळतात. चार मिनिटांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं घरात विचारलं गेलं आहे. उत्तर अजून दिलेलं नाही.

एका गोष्टीत मात्र मी तडजोड केली नाही. हा पंखा मिनिटाला चाळीस हजारांच्या घरात फिरतो. त्याला पाच पाती असली तर एका जागेवरून सेकंदाला तीन हजारांहून जास्त वेळा पातं जातं, आणि माणसाचा कान नेमका त्याच टापूत सगळ्यात तिखट असतो. म्हणून पाच पात्यांचे स्वस्त पंखे किंचाळतात. ऐकणाऱ्याचे दात आंबतात. अकरा-बारा पात्यांच्या पंख्याचा सूर त्याच्या कितीतरी वर जातो, तिथे कान मंदावतो, आणि ऐकू येत राहतो तो हवेचा घोंगावता लोट. खऱ्या जेटच्या जवळपास जाणारा. मी पंखा कानाने निवडला.

विमान कुठलं हा खरं तर दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, ते उतरवणार कुठे? वसई रोड ते नायगाव गाडीतून दिसणारी मिठागरं पाहून बाहेरच्या माणसाला वाटतं, केवढी ही मोकळी जागा! मिठागर म्हणजे वीतभर पाण्याचे कप्पे, मधून पावलापुरते बांध, आणि हिवाळ्यात त्या पाण्यात लाल पायांचे शेकाटे उभे. तिथे विमान उतरत नाही, पडतं. पूर्वेला वालीव-गोखिवऱ्याकडे शेतं होती तिथे गाळे झाले. पश्चिमेला वाड्या, केळी, पानवेली, फुलझाडं, मधे कुंपणं आणि वरून विजेच्या तारा. शाळेचं मैदान म्हणावं तर रविवारी तिथे एका वेळी तीन सामने चालू असतात, एका सामन्यातला कव्हर हा दुसऱ्याचा लाँग ऑन. २००९ साली वसई-विरारची महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला. इमारती दोघांचीही वाट पाहत थांबल्या नव्हत्या. किल्ल्यात मोकळं आहे, पण ते संरक्षित स्मारक. १७३९ साली जो तट घ्यायला चिमाजी अप्पांना एवढा रक्तपात सोसावा लागला, त्यावर फोमचं विमान आपटायचा माझा विचार नाही.

राहिला समुद्र. भुईगाव, राजोडी, कळंब, अर्नाळा: नावं बदलतात, किनारा सरळ दक्षिणोत्तर धावतो. ओहोटीला पाणी मागे हटलं की ओल्या वाळूचा कडक पट्टा उघडा पडतो. त्यावरून मोटारसायकल गेली तरी नुसती रेघ उमटते. मात्र ओहोटी रोज आपल्या सोयीने येत नाही. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, भरती तीनला. अष्टमीला सहाला, म्हणजे पहाटे हौसेने विमान घेऊन जावं तर पाणी सुरूच्या मुळांशी. पौर्णिमेला आणि अमावास्येला पट्टा मस्त रुंद, पण तळओहोटी पहाटे पाच-साडेपाचला, उजाडायच्या आत. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड. त्याच्या सव्वासहा तास आधी, सव्वासातच्या सुमारास ओहोटी. डिसेंबरात सूर्यही सातच्या आगेमागेच वर येतो.

शिवाय हिवाळी सकाळी वारा जमिनीवरून येतो. शाळेच्या भूगोलात वाचलेले ते मतलई वारे, हलके, बहुधा ईशान्येचे. दहा-अकराला ते पडतात आणि खारे वारे सुरू होतात; मग जेट डब्यात. पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं की सूर्य पाठीशी, त्यामुळे विमानाची आपल्याकडची बाजू लख्ख दिसते. लहान, वेगवान विमानात हे फार महत्त्वाचं असतं, कारण शंभर-सव्वाशे मीटरवर त्याची नुसती सावली दिसली तर ते येतंय की जातंय हेच कळत नाही, आणि विचार करायला थांबलात की गेलंच. थोडक्यात कार्तिक ते माघ, शुद्ध नाहीतर वद्य द्वितीया, फार तर तृतीया. आई कालनिर्णयवर संकष्टी शोधते, मी तिच्या दोन दिवस आधीचा चौकोन.

एवढं ठरल्यावर जेट किनाऱ्यानेच निवडलं म्हणायला हरकत नाही. चाकं बाद, कारण तारेचे पाय मऊ वाळूत रुतून विमान नाकावर उलटतं. एफ-१६ बाद: त्याचं तोंड पोटाखाली, टेकताक्षणी मूठभर वाळू थेट पंख्यात. पंख्याला जास्त हवा मिळावी म्हणून काही मॉडेलच्या पोटाला जादा भोकं पाडलेली असतात, तीही बाद. हवेची तोंडं खांद्यावर, पंखांच्या वर हवीत. आणि पंख सरळ. आधी सरळ पंख, मग त्रिकोणी, हा क्रम हवाई दलानेही अनुभवातूनच मांडला. एचएएलचं किरण ४ सप्टेंबर १९६४ ला पहिल्यांदा उडालं. सरळ पंखांचं, गुरू-शिष्य शेजारी शेजारी बसणारं. वैमानिकांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. त्याच्या आणि मिगच्या मधली पायरी गाळलेली आहे ही ओरड कित्येक वर्षं होती, ती पायरी हॉकच्या रूपाने २००८ मध्ये आली. आपण तर फोम उडवणारी माणसं. आपण पायऱ्या गाळायच्या कशासाठी? किरणचं तयार मॉडेल मला मिळालं नाही. जे घेतलं ते कुठल्याच खऱ्या विमानाची नक्कल नाही. पांढरं-केशरी, जाडसर सरळ पंखांचं, बॅटरीसकट किलोच्या आत. देखणं नाही, पण लांबून ओळखू येतं.

त्याच्या पंखाखाली दोन बारीक उंचवटे आहेत. त्यांवर दोन्ही तर्जन्या टेकवून विमान तोलायचं. नाक किंचित खाली झुकलं की ठीक. बॅटरी नखभर मागे सरकली तरी शेपूट बसतं, आणि शेपटीत जड विमान हातातून सुटल्या सुटल्या वर बघायला लागतं. म्हणून बॅटरीच्या खाचेत मी काळ्या मार्करने रेघ ओढून ठेवली आहे. पट्टा आवळायचा, बॅटरी रेघेला भिडलेली पाहायची, झाकण लावायचं, पुन्हा तोलायचं.

पहिलं उड्डाण मार्गशीर्ष वद्य द्वितीयेला. फेकायला विरारचा मित्र, कारण रिमोट दोन्ही हातांत धरून स्वतः फेकणं मला पसंत नाही. वाळू पायाला गार लागत होती.

“फुल?” त्याने विचारलं.

“फुल. नाक आडवं ठेव, वर नको.”

प्रॉपेलरच्या विमानात प्रॉपेलरची हवा शेपटीवरून वाहते, त्यामुळे वेग नसतानाही एलेव्हेटर ऐकतो. इथे पंख्याची हवा नळीतून थेट मागे निघून जाते, शेपटीला तिचा उपयोग नाही. म्हणून हात सुटल्यावर पहिला सेकंदभर विमान कुणाचंच नसतं. ते जरा खाली बसतं. त्या क्षणी काठी मागे ओढावी असं सगळं अंग सांगतं, आणि तेच करायचं नसतं. ओढलं की नाक उचललं जातं, उरलासुरला वेग मरतो, पंख एका बाजूला पडतो. मी अंगठा नुसता टेकवून ठेवला. विमान कमरेच्या उंचीला आलं, तिथे पट्टीने आखल्यासारखं सरळ धावलं, घोंगाट चढत गेला आणि मग ते आपणहून उत्तरेला वर निघालं, अर्नाळ्याच्या दिशेने. मित्र ओरडत होता, काय ते मला आठवत नाही.

वर गेल्यावर जेट सोपं आहे. प्रॉपेलर नाही म्हणून त्याची डावीकडची ओढ नाही. वळण दिलं की वळतं, सोडलं की रुळावर असल्यासारखं जातं. खरं शिक्षण उतरण्यात. प्रॉपेलरला थ्रॉटल दिला की तो तिथल्या तिथे उत्तर देतो. ईडीएफचा पंखा आधी फेरे जमवतो, मग हवेचा लोट, मग विमानाचा वेग, आणि यात सेकंद-दीड सेकंद सहज जातो. उतरत्या वेगाने धरलं तर तेवढ्यात वीसेक मीटर संपतात. म्हणून थ्रॉटल शेवटपर्यंत एक तृतीयांशावर जिवंत ठेवायचा, आणि उतरायचं की पुन्हा फिरून यायचं हे वळणावरच ठरवून टाकायचं. वाळूच्या वर हातभर असताना सुचलेलं शहाणपण पंख्यापर्यंत पोचत नाही. टेकायच्या क्षणी मात्र थ्रॉटल पूर्ण बंद, म्हणजे पंखा वाळू ओढणार नाही. ओल्या वाळूवर ते पोटाने घसरत आलं आणि पाण्यापासून बरंच अलीकडे थांबलं.

मासळी वाळत घालणारी एक मावशी तोवर जवळ आली होती.

“कॅमेरा हाय का त्यात?”

“नाही मावशी. नुसतंच उडतं.”

“मग काय उपयोग?”

शंका रास्त आहे. हल्ली जे उडतं ते ड्रोन, आणि ड्रोन म्हणजे कुणीतरी बघतंय. ड्रोन नियम २०२१ मध्ये अशी मॉडेल मोडतात. नजरेच्या टप्प्यात आणि हौसेपुरती उडवायची, हिरव्या टापूत ४०० फुटांच्या आत. सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा बघायचा आणि पोलिसांचा एखादा मनाई आदेश लागू आहे का तेही. माझं विमान पाण्याच्या बाजूलाच फिरतं, माणसांच्या डोक्यावरून नाही. आणि शनिवार-रविवारी रिसॉर्टची गर्दी, घोडागाड्या येण्याआधी आम्ही घरी गेलेलो असतो.

घरी आल्यावर खारी हवा धुऊन काढणं हे वेगळंच काम. गोड्या पाण्याने ओलं केलेलं फडकं नळीतून फिरवायचं, पात्यांच्या कडांवर वाळूचे कण बसलेत का ते नखाने चाचपायचं, बेअरिंगला सुईच्या टोकाने तेलाचा थेंब. चाळीस हजार फेऱ्यांत एका पात्याला लागलेला टवकाही अख्खं विमान थरथरवतो. बॅटऱ्या भरलेल्या ठेवायच्या नाहीत, सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवायच्या. जूनमध्ये पाऊस लागला की जेट माळ्यावर, ते थेट दिवाळीपर्यंत.

मित्राला आता स्वतःचं जेट हवं आहे. ७० मिलिमीटरचं, सहा सेलचं, पोटात मिटणाऱ्या चाकांचं. म्हणतो, चाकं असली की फेकायला कुणाची मिनतवारी नको. मला मात्र फेकणारा लागतो. म्हणून सध्या मी त्याला सहा सेलच्या बॅटरीची किंमत सांगतो, रुतणाऱ्या चाकांची वर्णनं ऐकवतो, आणि येत्या द्वितीयेचा नाश्ता माझ्याकडे असं आधीच कबूल करून टाकलं आहे.