खडा आणि तांब्या

२०१९ साली पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात शिरले, तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी होड्या लागल्या होत्या. अशा गावात पाण्यावाचून कोणी आजारी पडावे, हे ऐकणाऱ्याला खरे वाटायचे नाही. पण ते आमच्याच घरी घडले. एका पहाटे आमच्या सौभाग्यवतीच्या कुशीत अशी कळ उठली की, दोन बाळंतपणे निमूटपणे सोसलेली ती बाई पलंगाचा गज धरून रडू लागली. तपासणीत निघाला मुतखडा. ज्वारीच्या दाण्याएवढा!

बातमी पसरायला उशीर लागला नाही. शेजारच्या काकू पानफुटीची पाने घेऊन आल्या, मामांनी कुळथाचे कढण सुचवले. मी मात्र स्वतःला या सर्वांहून शहाणा समजत होतो. खडा कॅल्शियमचा आहे एवढे कळताच मी तिचे दूध, दही, ताक तडकाफडकी बंद केले. स्वतः गंगावेशीत उभ्या उभ्या धारोष्ण दुधाचा पेला रिचवत होतो, ती गोष्ट वेगळी!

डॉक्टरांनी हे ऐकले आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, “अहो, दूध कशाला तोडलंत? पालक, शेंगदाणे यांतून पोटात ऑक्झलेट जातं. जेवणातलं कॅल्शियम त्याला आतड्यातच गाठतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम तोडलं की ऑक्झलेट मोकाट सुटून लघवीत उतरतं.” १९९३ साली अमेरिकेत पंचेचाळीस हजारांवर पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात आहारातून कॅल्शियम अधिक घेणाऱ्यांनाच खडे कमी झालेले आढळले.

गुडघ्यांसाठी मीच आणून दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या ती रात्री रिकाम्या पोटी घेत असे. तीही चूक निघाली. अशी गोळी ऑक्झलेटला गाठत नाही, उलट लघवीतले कॅल्शियम वाढवते. घ्यायचीच तर डॉक्टरांना विचारून, जेवणाबरोबर. लिंबातले सायट्रेट खडा जमू देत नाही. पण पोटॅशियम सायट्रेटचे औषध चोवीस तासांची लघवी तपासून डॉक्टरांनीच ठरवायचे. मॅग्नेशियमच्या गोळीचा पुरावा तेवढा भक्कम नाही. आणि मीठ कमी, कारण मिठाबरोबर मूत्रपिंडे कॅल्शियमही सोडतात. आमच्या लोणच्या-पापडांची बरणी माळ्यावर गेली ती तेव्हापासून.

मुख्य औषध मात्र पाणीच. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी इतके. १९९६ साली इटलीतल्या एका अभ्यासात, पहिला खडा होऊन गेलेल्यांपैकी भरपूर पाणी पिणाऱ्या शंभरांत बाराजणांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत सत्तावीसजणांना.

झाले! मी तांब्या घेऊन तिच्या मागे लागलो. सकाळी शाळेत निघताना बाटली भरून द्यायची, संध्याकाळी ती तशीच भरलेली परत यायची. एकदा मी चिडलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “अहो, प्यायला मला येत नाही का? पण प्यायल्यावर पुढे काय? आम्हा बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही. वीस वर्षं मी सकाळी सात ते दुपारी एक घोटभरसुद्धा पाणी पीत नाही. मुलीसुद्धा पीत नाहीत.”

मी गप्प बसलो. वीस वर्षे एका छपराखाली राहून मला हे ठाऊक नव्हते. तिनेही सांगितले नव्हते; असल्या गोष्टी बोलायच्या नसतात, असेच तर आपण बायकांना शिकवले!

दुसऱ्या दिवशी चार पालकांना घेऊन मी शाळेच्या चालकांकडे गेलो. तीन हेलपाटे झाले, दोनदा चहा पाजून बोळवण झाली. अखेर कडी बसली, नळाला पाणी आले.

खडा आपोआप पडून गेला. आता ती दुपारी घरी येते, पिशवीतून बाटली काढते आणि काही न बोलता माझ्यापुढे उपडी करते. एक थेंबही पडत नाही.