एस आणि टी

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पुढं २००० साली ते पहिलीपासून सुरू झालं. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात त्या विषयाचा धाक एवढा, की पहिल्या तासाला वर्गात कुणी हूं की चूं केलं नाही. सर आले आणि म्हणाले, "आपल्या गावात रोज काय येतं?"

सगळा वर्ग ओरडला, "एसटी!"

सरांनी फळ्यावर दोन अक्षरं काढली. "हा एस, हा टी. म्हणजे दोन अक्षरं तुम्हाला आधीच येतात. आता ही दोन्ही ज्यांच्या पोटात आहेत असे शब्द शोधायचे. मागं-पुढं कुठंही असली तरी चालतील." मग त्यांनी एसटीचं पूर्ण नाव लिहिलं. स्टेट आणि ट्रान्सपोर्ट. दोन्ही शब्दांत एस होता, दोन्हींत टी होता. मला ते गुपित हाती लागल्यासारखं वाटलं.

त्या वर्षी दसरा झाला आणि आई-दादा ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर गेले. मुकादमाकडून उचल घेतलेली असली की जावंच लागतं. कोयते, भांडीकुंडी, कोंबड्या असं सगळं ट्रकमध्ये चढलं. मी आज्जीजवळ राहिलो. शाळेतून आणलेली एक जुनी इंग्रजी-मराठी डिक्शनरी कंदिलाजवळ उघडून बसायचो. तेव्हा कळलं, डिक्शनरीत शब्द सापडतो तो पहिल्या अक्षरावरून. पोटातल्या अक्षरावरून शोधायचा तर एकेक पान, एकेक ओळ बोटाखालून घालवावी लागते. एसची पानं सोपी गेली. स्टोन, स्टार, स्टोरी रांगेनं उभे होते. पण ईस्ट ईच्या घरात, वेस्ट डब्ल्यूच्या घरात. एकेका शब्दासाठी शंभर अनोळखी शब्दांच्या दारावरून जावं लागायचं, आणि जाता जाता त्यांचीही ओळख व्हायची.

आज्जी विचारायची, "आज काय घावलं?"

"डस्ट. म्हंजी धूळ."

"अन् काल?"

"फॉरेस्ट. रान."

एका रात्री एचच्या पानांवर हार्वेस्ट सापडला. अर्थ लिहिला होता: सुगी, पिकाची कापणी. मी पेन्सिल खाली ठेवली. तिकडं आई-दादा ऊस तोडत होते, मोळ्या बांधत होते, कोपीत झोपत होते. सुगी दुसऱ्याच्या रानातली, पण कापणारे हात आमच्या घरातले. तो शब्द मी वहीत सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहिला.

उन्हाळ्याच्या तोंडाला ते परत आले. मी वही घेऊन चुलीपुढं बसलो आणि सगळे शब्द वाचून दाखवले. आई भाकरी थापत ऐकत होती, एक शब्द बोलली नाही. दादांना सहीपुरतं लिहिता येत होतं. त्यांनी वही हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "ह्यात आपलं काय हाय का?"

मी गोंधळलो. मग सुचलं आणि शेवटच्या ओळीत लिहिलं, आष्टी. ए, एस, एच, टी, आय. दादांचं बोट धरून एसवर ठेवलं, मग टीवर. "ह्यो एस, ह्यो टी." ते बराच वेळ त्या ओळीवर बोट फिरवत राहिले.

पुढं शिकायला बीडला आलो. ज्या मित्राच्या खोलीवर राहायचो त्याच्याकडं स्क्रॅबल होता. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकी वास्तुविशारदानं मंदीत काम सुटल्यावर तो खेळ रचला. वर्तमानपत्राच्या पानांवरची अक्षरं मोजून त्यानं कुठलं किती वेळा येतं ते काढलं आणि त्यावरून गुण ठरवले. क्यूला दहा गुण, एसला एक, टीला एक. जे जास्त कामाला येतं त्याचं मोल कमी. उसाच्या फडात वाढलेल्या पोराला हे निराळं समजावून सांगावं लागलं नाही. या खेळाला स्क्रॅबल हे नाव १९४८ साली मिळालं, आणि त्याच साली १ जूनला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली.

त्याच खोलीत एकदा लाकडी अक्षरं मांडता मांडता दिसलं, की लिसन आणि सायलेंट या दोन शब्दांत तीच सहा अक्षरं आहेत. एक ऐकणं, एक गप्प राहणं. दोन्हींत एस, दोन्हींत टी. लिसनमधला टी तर लिहायचा असतो, उच्चारायचा नसतो. मला चुलीपुढची आई आठवली. तिनं माझी अख्खी वही ऐकली होती, ती अशी.

मराठीत काना-मात्रा अक्षराला चिकटून राहतात. कमलचं कलम होतं, पण अशी जागा क्वचित मिळते. इंग्रजीत स्वरही सुटे हिंडतात. स्टॉपची चार अक्षरं हलवली की पोस्ट होतं, स्पॉट होतं. थांबलेलंच टपाल होऊन निघतं. आता कॉम्प्युटरला दोन अक्षरं दिली की तो क्षणात हजारो शब्द पुढं टाकतो. माझ्या वहीत पाचवीच्या वर्षअखेर दोनशे बारा होते, आणि प्रत्येक शब्द कुठल्या रात्री सापडला ते मला अजून सांगता येतं.

त्यात एक स्टेशन होता. परळीला रेल्वे होती, पण ती जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. आमच्याकडं तो शब्द नुसता वहीतच राहिला. २३ सप्टेंबर २०२२ ला आष्टीहून नगरला गाडी सुटली, आणि १७ सप्टेंबर २०२५ पासून ती बीडपर्यंत जाऊ लागली. आष्टीला गाडी आली त्या आठवड्यात मी आई-दादांना घेऊन स्टेशनवर गेलो. आई बाकावर टेकली. दादा नावाच्या पाटीखाली जाऊन उभे राहिले, मान वर करून, डोळ्यांवर हात धरून. मराठी ओळ सोडून त्यांची नजर इंग्रजी ओळीवर गेली. मग त्यांनी बोट वर केलं.

"ह्यो एस," ते म्हणाले. बोट जरा पुढं सरकलं. "अन् ह्यो टी."