अडलंय कुठं?

आमच्या घरचा पीसी अजून इंटेलच्या आय५-२५००के प्रोसेसरवर चालतो. जानेवारी २०११मध्ये बाजारात आलेला हा चार कोअरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगसाठीच, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगानं चालवण्यासाठीच, नावाजला, कारण त्याचा मल्टिप्लायर खुला आहे. १०० मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याला ३३ ने गुणलं की ३.३ गिगाहर्ट्झ; बायोसमध्ये ३३ चे ४२ केले की ४.२. जीटीए फाइव्ह हा गेम अडखळायला लागला तेव्हा धाकट्या भावानं असाच वेग वाढवायचा धोशा लावला. "दादा, फुकटात होतंय की. उगं नवीन कशाला घ्यायचं?"

फुकटात होतंय, हे मला पटत नव्हतं. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही. वेग ४.२ केला आणि मशीन बंद पडू नये म्हणून व्होल्टेज १.२ वरून १.३ वर नेलं, तर उष्णता जवळपास दीडपट होते. हवेवरचा कूलर खोलीतल्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. खोली जितकी तापेल, साधारण तितकेच अंश प्रोसेसरही चढतो. ओव्हरक्लॉकचे जे आकडे आपण वाचतो, ते बहुतेक थंड खोल्यांतले असतात. आमच्या दिंद्रुडला मे महिन्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि आमचा पीसी आहे पत्र्याच्या खोलीत. शिवाय शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातले दिवे मंदावतात, म्हणजे विजेचाही भरवसा नाही.

तरी भावाला नुसतं नाही म्हणावंसं वाटेना. मोजून ठरवू, म्हणालो.

आधी कॅबिनेट उघडलं. कूलरच्या पंख्यामागं सोयाबीनच्या मळणीचं भुसकट आणि कापसाचे तंतू मिळून गोधडीसारखा थर बसला होता. हवा जाणार कुठून? तो काढला, वाळून पोपडा झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. एवढ्यानंच गेम चालू असतानाचं तापमान १४ अंशांनी उतरलं. आमच्या भागात जुन्या पीसीवर पहिला खर्च करायचा तर तो ब्लोअर आणि पेस्टवर, असं माझं ठाम मत आहे.

मग डिसेंबरच्या थंडीत मल्टिप्लायर ४२ वर नेला. मशीन बिनतक्रार चाललं, पण गेममध्ये फरक जेमतेम. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडे लावून ठेवले होते: ग्राफिक्स कार्ड ९९ टक्के, प्रोसेसर साठच्या आसपास. भाऊ बराच वेळ ते बघत राहिला. "म्हंजे अडलंय कार्डापाशी," तो म्हणाला. प्रोसेसर कार्डाची वाट बघत बसला होता. त्याला आणखी पळवून काय मिळणार? कार्ड होतं २०१४चं जीटीएक्स ७५० टीआय, २ जीबी मेमरीचं.

नवं काही घ्यायचं म्हटल्यावर घरात आण्णांनी एकच विचारलं, "किती लागतील? कापसाचे पैसे यायचेत अजून." प्रोसेसर नव्या पिढीचा घ्यायचा तर सॉकेट वेगळं, म्हणजे मदरबोर्ड नवा आणि रॅमही नवी, अर्धा पीसी नवाच झाला की. म्हणून पुण्याहून ४ जीबीचं जुनं जीटीएक्स १६५० मागवलं. ते मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवरच चालतं, त्यामुळं जुना एसएमपीएस बदलावा लागला नाही. सोबत हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. गेम आता सुरळीत चालतो, आणि मल्टिप्लायर मी परत ३३ वर आणून ठेवलाय.

हा प्रोसेसर फार काळ पुरणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११च्या अटींत हा प्रोसेसर बसत नाही. काही नव्या गेमना एव्हीएक्स२ हा सूचनासंच लागतो. तो या चिपमध्ये नाहीच, कितीही वेग वाढवला तरी येणार नाही. भावानं पुढच्या पीसीची यादी लिहायला घेतलीय. त्यात प्रोसेसर साधा आहे, बिगर-ओव्हरक्लॉकचा. वाचलेल्या पैशांत त्यानं मोठा कूलर आणि जाळीचं कॅबिनेट धरलंय.