चकतीवरून

रोमच्या सांत इन्यात्सिओ चर्चमध्ये शिरल्यावर आधी दिसली ती रांग. छतावरचं चित्र बघायला लोक खाली मान घालून उभे! मधोमध तिरपा आरसा ठेवलेला. त्यात स्वतःसकट छत बसवून फोटो काढायचा आणि पुढच्याला जागा द्यायची. आईची मान धरलेली, म्हणून आरसा बघून मला बरं वाटलं. ती मात्र रांग पाहून पुढे निघून गेली.

फरशीत संगमरवराची एक गोल चकती आहे. तिच्यावर उभं राहून वर पाहिलं की भिंती संपतच नाहीत. खांब, कमानी चढत जातात आणि त्यांच्याही वर उघडं आकाश. कोपऱ्यांकडे चार खंडं. आपला आशिया उंटावर बसलेला. आंद्रेआ पोत्सो या जेझुइट ब्रदरने हे छत १६९४ मध्ये पुरं केलं. गोलाईच्या छतावर काढलेला खांब खालून सरळ दिसावा कसा? छताखाली दोऱ्यांची जाळी ताणायची, दिव्याच्या उजेडात तिची सावली वर पाडायची, दिवा पुरेना तिथे दोरा ताणून रेघ वर न्यायची. छतावर वाकडी पडलेली रेघ चकतीवरून सरळ दिसते. म्हणजे चित्राचा निम्मा भाग जमिनीवरच आहे.

बरोकचा सोनेरी गलबला मला एरवी सोसत नाही. ढगाढगांतून डोकावणारे गुबगुबीत देवदूत तर नकोच. पण ही चकती आवडली. फसवणारा माणूस कुठे उभं राहून फसायचं ते सांगत नाही.

पुढे दुसरी चकती, घुमटासाठी. या चर्चला घुमट नाहीच. पैसे पुरले नाहीत म्हणतात. उजेड अडेल म्हणून शेजाऱ्यांनी हरकत घेतली, अशीही कथा आहे. १६८५ मध्ये पोत्सोने कापडावर घुमट रंगवून वर चढवला. त्यातले खांब भिंतीतून निघालेल्या नुसत्या टेकूंवर उभे पाहून काही वास्तुकारांनी नाकं मुरडली. टेकू मोडून खांब कोसळलेच तर खर्च आपण देऊ, असं एका चित्रकार मित्राने म्हटल्याचं पोत्सोनेच आपल्या ग्रंथात नोंदवलंय. त्याच्या तोंडावरचं हसू त्या ओळीत दिसतं.

"अगं, पडदाच की हा!" आई म्हणाली.

तिचं बालपण कोल्हापूरचं. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, ते कोल्हापूर. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा. लांब जाणारा रस्ता आणि त्याच्यापुढे दोन हातांवर गाणारा नट. तो रस्ता खरा दिसायचा मधल्या खुर्च्यांवरून. आई बसायची कडेला, बायकांत, आणि तिथून राजवाडा कायम कललेला. पडद्यावरची ही खोली आपल्या रंगभूमीवर युरोपातूनच आली. पोत्सोही चर्चच्या उत्सवांसाठी लाकूड-कापडाचे देखावे उभारायचा. तेव्हा आईचं बोलणं मी हसण्यावारी नेलं नाही.

मी चकतीवरून हलायला तयार नव्हते. ती मान तिरकी करत, एका हाताने मानेला आधार देत, पार वेदीपाशी पोचली होती. तिथून तिने खूण केली.

मी गेले. घुमट एका अंगाला झुकला होता, खांब आता आले की मग आले.

"बघ," ती म्हणाली, "आमच्या बाजूने असाच दिसायचा."