अनुस्वाराच्या वाटेने अपॉस्ट्रॉफी

कळंब तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो. राज्यात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच सुरू झालं, त्यामुळे आठवीत येईपर्यंत मुलांना शब्द बरेच ठाऊक असतात. घोडं अडतं ते अपॉस्ट्रॉफीपाशी. ती ‘एस’च्या आधी की नंतर, हा नियम मुलं पाठ करतात, पण पेपरात हात थबकतोच.

म्हणून मी मराठीतून शिरायचं ठरवलं. फळ्यावर लिहिलं: ‘शेतकऱ्याची विहीर’ आणि ‘शेतकऱ्यांची विहीर’. फरक काय? मागच्या बाकावरून उत्तर आलं, “सर, दुसरी सामाईकात हाय.” एका टिंबाने मालकी बदलते, हे पाण्याच्या पाळ्या बघत वाढलेल्या मुलांना समजावून सांगावं लागलं नाही.

मग त्याच ओळी इंग्रजीत घेतल्या. अनुस्वार नाही, म्हणजे शेतकरी एक: ‘फार्मर’ लिहा, अपॉस्ट्रॉफी द्या, मग ‘एस’. अनुस्वार आहे, म्हणजे शेतकरी अनेक: आधी ‘फार्मर्स’ पूर्ण लिहा, अपॉस्ट्रॉफी त्यानंतर. ‘चिल्ड्रन’ हे ‘एस’शिवायच अनेकवचन, म्हणून तिथे अपॉस्ट्रॉफी आणि पुढे ‘एस’. मालकी नसून नुसतं अनेकवचन असेल, तर चिन्हच नको. दुकानाच्या पाटीवर ‘मोबाईल्स’मध्ये उगाच घुसलेलं चिन्ह मुलं आता स्वतःच हेरतात.

एका मुलीने ‘सरांची खुर्ची’ इंग्रजीत लिहिताना अपॉस्ट्रॉफी ‘एस’नंतर दिली. तर्क चोख होता, अनुस्वार होताच. पण तो आदराचा. इंग्रजीत असं आदरार्थी बहुवचन नाही. सर एकच, म्हणून चिन्ह ‘एस’च्या आधी. ‘आजोबांची काठी’ही तशीच. तेव्हापासून अनुस्वार दिसला की वर्गात प्रश्न ठरलेला: माणसं किती?

एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतली विरामचिन्हं मराठीत रुजवली. मालकी दाखवायला मात्र मराठीला अपॉस्ट्रॉफी लागली नाही. सामान्यरूप आणि विभक्तीचे प्रत्यय ते काम आधीपासूनच करत होते. एकाचं काय आणि अनेकांचं काय, ही जाण मुलं घरूनच घेऊन येतात. इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्यांना म्हणून माझी विनंती आहे: इंग्रजीच्या तासाला मराठीला वर्गाबाहेर ठेवू नका.