चार गाड्या ज्वारी

माहेरी आजारी पडलेली बाई नवऱ्याला पत्र लिहिते, तेव्हा त्यात काय असेल याचा आपण साधारण अंदाज बांधतो. तब्येत बरी आहे, काळजी करू नका, भावानं फार केलं, अंगात ताकद आली की येते. सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्राची सुरुवात जवळपास अशीच आहे. मग मध्येच त्यांना शाळेतली सहकारी फातिमा आठवते. आपल्या मागे तिला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करायची नाही, अशा अर्थाचं काहीतरी त्या लिहून जातात. मी या पत्राकडे वळतो तो बहुतेक वेळा याच ओळीसाठी. आपण अंथरुणावर असताना आपल्या वाटचं काम कोण ओढत असेल, हे पंचवीस वर्षांच्या त्या बाईच्या मनातून जात नाही. दुखणं आपलं असतं तेव्हा माणसाला दुसऱ्याचं सहसा दिसत नाही.

पत्र पुढे वाढतं आणि घरातल्या भांडणावर येतं. हाच सेवा करणारा भाऊ बहिणीला सुनावतो : तुम्हा नवराबायकोला वाळीत टाकलं ते योग्यच झालं, महारामांगांसाठी कशाला राबता, जातीच्या रीतीनं वागा. सावित्रीबाई गप्प बसत नाहीत. गाईबकऱ्यांना कुरवाळता, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजता, आणि माणसाचा मात्र विटाळ मानता, असा त्यांचा बिनतोड सवाल आहे. आई ऐकत बसलेली असते, तिचे डोळे भरून येतात. वाद बहीण जिंकते. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की पत्रात भाऊ दोन्ही रूपांत येतो. जिवापाड सेवा करणारा आणि कोत्या मनाचा. एकाच्या उल्लेखानं त्या दुसरा पुसून टाकत नाहीत. चळवळीतल्या माणसांना ही गोष्ट फार अवघड जाते. आपल्याला विरोध करणाऱ्याचं सगळंच वाईट दिसू लागतं, आणि मग त्याच्याशी बोलण्यासारखं काही उरत नाही.

शाळेत जाताना अंगावर पडलेलं शेण आणि पिशवीतलं दुसरं लुगडं हा प्रसंग सर्वांना पाठ आहे. ३ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, तो दरवर्षी सांगितला जातो, सांगावाही. पण त्या प्रसंगातल्या सावित्रीबाई सोसताना दिसतात. मला ओढ वाटते ती सोसण्यापलीकडे पोचलेल्या सावित्रीबाईंची, आणि त्या पत्रांत भेटतात. १९८८ साली मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ निघालं. त्यात जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आहेत. एकवीस वर्षांचं अंतर तीन टप्प्यांत कापलेलं. एक माणूस कसा वाढत गेला हे पाहायला तेवढी पुरतात.

दुसरं पत्र २९ ऑगस्ट १८६८ चं, पुन्हा नायगावचंच. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत हिंडणारा. महारवाड्यातल्या शारजाशी त्याचं जुळतं, तिला दिवस जातात. बातमी फुटते आणि गाव दोघांना रस्त्यातून ओढत नेतं, मारून टाकायला. सावित्रीबाईंना कळतं, त्या धावत जातात. आता इथे नागपंचमीचा दाखला नाही. पेटलेल्या जमावापुढे युक्तिवाद चालत नाही हे बारा वर्षांत त्यांना समजलेलं आहे. खून केलात तर इंग्रज सरकार काय करील, याची भीती त्या घालतात. जमाव थबकतो. मग गावातले सदूभाऊ तोड काढतात, की दोघांनी गाव सोडून जावं. सावित्रीबाई ती मान्य करतात आणि त्या दोघांना पुण्याला जोतीरावांकडे धाडून देतात.

एखादा तत्त्वनिष्ठ माणूस इथे अडला असता. त्यांनी का गाव सोडावं, गुन्हा काय त्यांचा, असं म्हणाला असता. त्याचं म्हणणं खरंही होतं. पण तोवर दोन जीव, किंबहुना तीन, गेले असते. सावित्रीबाईंनी त्या दिवशी न्यायापेक्षा कमी काहीतरी घेतलं आणि माणसं वाचवली. दया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डबडबलेले डोळे येतात. इथली दया घाईत आहे, तिला वेळेचं भान आहे, समोरचा कशाला घाबरतो हे तिला नेमकं ठाऊक आहे.

आणि तिसरं पत्र. २० एप्रिल १८७७, जुन्नरजवळचं ओतूर. १८७६ साली पाऊस दगा देऊन गेला होता आणि दख्खनवर दुष्काळ उतरला होता. १८७६ संपलं, दुष्काळ काही संपला नाही, हे त्या लिहितात तेव्हा गुरं माना टाकत होती, माणसं गावं सोडून निघाली होती, झाडपाला पोटात ढकलत होती. दोनच वर्षांपूर्वी, १८७५ मध्ये, सुप्यापासून उठलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं जाळली होती. तो राग विझलेला नव्हता. ओतूरच्या भागातही सावकारांशी तंटे पेटले, गोरे शिपाई आले, आणि मदतीसाठी राबणारे जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचे पन्नास कार्यकर्ते पकडले गेले. कलेक्टरानं सावित्रीबाईंना बोलावून घेतलं.

कल्पना करून पाहा. १८७७ सालची जुन्नरची कडक उन्हं, परकी भाषा बोलणारा जिल्ह्याचा धनी, आणि त्याच्यापुढे खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या पाटलाची लेक. नवरा पुण्याला. त्या सरळ विचारतात, आमच्या माणसांवर खोटे आळ घालून त्यांना का धरलंत, सोडून द्या. कलेक्टर ऐकतो, शिपायांना दटावतो, माणसं सुटतात. लोकांचे हाल पाहून तो हेलावतो आणि ज्वारीच्या चार गाड्या पाठवून देतो. कलेक्टर भला माणूस होता, हे सांगायलाही सावित्रीबाई विसरत नाहीत. नायगावच्या भावाबाबत जी नजर होती तीच इथेही आहे.

मी त्या चार गाड्यांपाशी नेहमी थांबतो. दुष्काळाचं वर्णन करणारी पत्रं बऱ्याच जणांनी लिहिली असतील, हळहळही खरी असेल. सावित्रीबाईंच्या पत्रात मात्र दुःखाच्या शेजारीच संख्या येते. पन्नास माणसं, चार गाड्या. ज्याला भुकेल्याच्या पुढ्यात ताट ठेवायचं आहे त्याला मोजावंच लागतं. त्याच उन्हाळ्यात सत्यशोधक समाजानं दुष्काळातल्या मुलांसाठी धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला आणि मदतीसाठी जोतीरावांनी मे महिन्यात जाहीर आवाहन काढलं. राणीचं नाव आश्रमाला देणं काहींना खटकतं. मला त्यात १८६८ च्या पत्रातलीच हुशारी दिसते.

हल्ली मोठ्या कंपन्या आपल्या साहेबलोकांना रिसॉर्टवर नेऊन मनापासून नेतृत्व कसं करावं याची शिबिरं भरवतात. गोलात बसवतात, डोळे मिटायला लावतात, एकमेकांविषयी चांगलं बोलायला सांगतात. त्यात वाईट काही नाही, जेवणही बरं असतं म्हणे. फक्त एक राहून जातं. मन मोठं होतं ते कुणाच्या तरी दारात उभं राहिल्यावर, आणि दारात उभं राहायचं तर शिव्या, कोर्टकचेऱ्या आणि ज्वारीचा भाव यांतून जावं लागतं.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. दत्तक मुलानं, यशवंतानं, टिटवं (अंत्ययात्रेपुढे धरायचं मडकं) धरावं की नाही यावरून भाऊबंदांनी कुरबूर काढली. प्रेत दारात, आणि वाद हक्काचा. सावित्रीबाईंनी टिटवं स्वतःच्या हातात घेतलं आणि पुढे चालू लागल्या. अग्नीही त्यांनीच दिला. तीन वर्षांनी सासवडला सत्यशोधक परिषद भरली तेव्हा अध्यक्षपदी त्या होत्या. याबद्दल अधिक काही लिहिण्याची गरज वाटत नाही.

मग १८९७ आलं. आदल्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत सापडलेला प्लेग पुण्यात पोचला होता. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्यातला प्लेग आवरायला रँडसाहेबाची नेमणूक झाली, आणि मार्चच्या मध्यापासून गोरे सोजीर घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. माजघरापर्यंत, देवघरापर्यंत. लोक रोग्याला माळ्यावर लपवू लागले. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, आणि पुढचं सगळं पाठ्यपुस्तकात आहे.

झडत्या सुरू होण्याच्या थोडेच दिवस आधीची गोष्ट आहे. डॉक्टर झालेल्या यशवंतानं गावाबाहेर हडपसरच्या ससाणे मळ्यात, उघड्या माळावर, प्लेगचा दवाखाना घातला होता. सावित्रीबाई वस्त्या हिंडून रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यात बाबाजी गायकवाडांचा मुलगा पांडुरंग तापानं पडल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि मळ्यात आणलं. मुलगा जगला असं सांगतात. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला रात्री त्या गेल्या. वय सहासष्ट.

एक गोष्ट न्यायानं म्हटली पाहिजे. वैद्यकाच्या बाजूनं पाहिलं तर रँड आणि सावित्रीबाई यांचं म्हणणं एकच होतं : रोग्याला दाट वस्तीतून उचला, मोकळ्या हवेत वेगळं ठेवा, उपचार करा. सरकारचा उपाय अडाणी नव्हता. पण एकाच शहरात, एकाच महिन्यात, त्याच कामासाठी दोन वेगवेगळी माणसं दारात उभी राहिली. सोजीर दिसल्यावर आया मुलांना लपवत होत्या. सावित्रीबाईंच्या पाठीवर मुंढव्याच्या घरानं आपलं मूल दिलं. हे देणं त्या सकाळी ठरलेलं नव्हतं. नायगावच्या ओसरीवर भावाशी झालेल्या भांडणापासून त्याची तयारी चालू होती. साथ आल्यावर विश्वास मिळवायला निघालेल्या माणसाला उशीर झालेला असतो, मग तो रँड असो वा आणखी कुणी. कोविडच्या पहिल्या लाटेतही हेच दिसलं. ज्या वस्तीतली आशाताई आधीपासून घरात येत-जात होती तिथे तिला दार उघडलं जायचं. अनोळखी पथकापुढे लोक आजार नाकारायचे.

आणि तो दवाखाना चालवणारा यशवंत. बालहत्येबद्दल जन्मठेप भोगणाऱ्या विधवेची बातमी पुण्यात गाजल्यावर जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवांनो, इथे येऊन गुपचूप बाळंत व्हा, हवं तर मूल ठेवून जा, अशा जाहिराती त्यांनी गावात लावल्या. त्या आधारानं आलेल्या एका ब्राह्मण विधवेचं हे मूल. त्याला त्यांनी वाढवलं, शिकवलं, डॉक्टर केलं. आईनंतर आठ वर्षांनी, १९०५ साली, प्लेगनंच तोही गेला.