डोळे पाझरतात, तरीही कोरडे

चार वर्षांपूर्वीच्या फाल्गुनातली गोष्ट. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी सुनेबरोबर माझ्या दवाखान्यात आल्या. पदराच्या टोकाने सारखे डोळे टिपत होत्या. डोळे चुरचुरतात, आत वाळूचे कण गेल्यासारखे टोचते, दिवस कलला की त्रास वाढतो आणि पाणी तर थांबतच नाही, अशी तक्रार होती. डोळे किंचित लाल होते. मी जंतुसंसर्ग समजून प्रतिजैविकाचे थेंब दिले. दहा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. तेव्हा ही अॅलर्जी असावी असे म्हणून रात्री घ्यायची सेटिरिझिनची गोळी जोडली. वाचकहो, हे दोन्ही निर्णय चुकीचे होते आणि दुसरा तर त्रास वाढवणारा होता. ही हकिकत सांगतो आहे ती एवढ्याचसाठी, की अशीच चूक आपल्या घरातही सहज होऊ शकते.

तिसऱ्या खेपेस सुनेने पिशवीतून डोळ्यांच्या औषधाच्या पाच बाटल्या टेबलावर मांडल्या. त्यांतल्या दोनच माझ्या होत्या. एक गुलाबपाण्याची, एक कोणा नातेवाइकाच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली आणि एक, ‘घातले की लगेच लाली जाते’ म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून दुकानातून आणलेली. ती तीन महिने सुरू होती. तिच्यावरची बारीक अक्षरे मी भिंगातून वाचली : प्रतिजैविक आणि त्याच्या जोडीला डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड.

आजींचे खरे दुःख मात्र निराळेच होते. त्यांनी पोथी वाचणे सोडले होते. चार ओळी वाचल्या की अक्षरे पुसट होत. डोळे मिटून उघडले की क्षणभर स्पष्ट दिसे, पुन्हा पुसट. घरच्यांनी ‘आता मोतीबिंदू पिकला असेल’ असे म्हणून तो विषय बाजूस ठेवला होता. पापणी लवताच नजर स्वच्छ होणे ही खूण मोतीबिंदूची नव्हे. ती ऐकताच मला आधी जे सुचायला हवे होते ते सुचले आणि त्यांना मी नेत्रतज्ज्ञांकडे धाडले.

तेथे डोळ्यांत पिवळसर रंगाचा थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहिले गेले. निरोगी डोळ्यावर अश्रूंचा थर पापणी न लवता साधारण दहा सेकंद तरी अखंड राहतो. आजींचा तीन-चार सेकंदांतच फाटत होता. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर रंगाचे बारीक ठिपके धरले होते. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते हेही पाहिले. ही शिर्मर यांची चाचणी 1903 पासून आजतागायत वापरात आहे. पट्टी पाच मिलिमीटरही भिजली नाही तर अश्रू निश्चितच कमी. आजींची नऊ मिलिमीटर भिजली, म्हणजे काठावरची. आणि डोळ्यातला दाब 28 निघाला. तो 21 च्या आत असावा लागतो. तीन महिन्यांच्या त्या ‘लाली घालवणाऱ्या’ थेंबांनी डोळे काचबिंदूच्या वाटेवर नेले होते. थेंब थांबवल्यावर महिनाभराने दाब 18 वर उतरला. सगळ्यांचेच नशीब इतके बलवत्तर नसते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत मिळत नाही.

निदान सांगितले तेव्हा आजी माझ्यावर जवळजवळ रागावल्याच. “डॉक्टर, डोळ्यांतनं सारखं पानी गळतंया, आन् तुमी म्हंताय डोळं कोरडं हायत?”

प्रश्न रास्त होता. उत्तर मला आमच्या गावाच्या नळाने पुरवले. कराडला लागून असलेल्या आमच्या मलकापुरात चोवीस तास पाणी देणारी मीटरची योजना आहे. नळाला पाणी सदैव असते, म्हणून कोणी पिंपे भरून ठेवत नाही. डोळ्यांचेही तसेच. दिवसभर अगदी थोडे अश्रू संथपणे झिरपत असतात आणि प्रत्येक पापणीबरोबर ते बुबुळावर सारवले जातात. हा रोजचा पुरवठा बिघडला की बुबुळ उघडे पडते, चुरचुरते, आणि मेंदू घाबरून एकदम लोंढा सोडतो. कांदा चिरताना येतो तसा हा लोंढा नुसता पातळ असतो. तो डोळ्यावर न ठरता गालावर ओघळतो. डोळे पाझरतात आणि तरीही कोरडेच राहतात.

अश्रू म्हणजे केवळ पाणी नव्हे. त्यात बुबुळाला चिकटून राहणारा बुळबुळीत अंश असतो आणि सर्वांत वर तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. दुधावरच्या सायीसारखा तो पाण्याला उडून जाऊ देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेवरील बारीक ग्रंथींतून येते. मायबोम नावाच्या जर्मन वैद्याने 1666 मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. वयानुसार त्यांतले तेल घट्ट होते, थिजल्या तुपासारखे, आणि तोंडे बुजतात. वृद्धांमधला कोरडेपणा पुष्कळदा असा तेलाच्या कमतरतेचा असतो. आजींचा तसाच होता. त्यात माझ्या सेटिरिझिनने पाण्याचाही पुरवठा आटवला.

थिजलेले तूप पातळ करायला ऊब लागते, आणि उपचाराचा गाभा तोच आहे. स्वच्छ सुती कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळावे व मिटलेल्या पापण्यांवर ठेवावे. ते दोन मिनिटांत निवते, म्हणून पुन्हा पुन्हा ऊन करून एकूण सात-आठ मिनिटे शेक द्यावा. मग स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर, कडेच्या दिशेने हलकेच चोळावी. डोळ्याच्या गोळ्यावर दाब देऊ नये. शेवटी उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पापण्यांच्या कडा पुसाव्यात. शेकाची ऊब काळजीवाहकाने आधी स्वतःच्या मनगटावर तपासावी, कारण मधुमेही वृद्धांना चटका उशिरा कळतो. डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. आजींच्या सुनेने हा शेक दोन महिने एक रात्रही न चुकवता दिला. माझ्या औषधचिठ्ठीपेक्षा त्या शेकाचे श्रेय मोठे आहे.

थेंबांविषयी. कृत्रिम अश्रूंच्या बाटलीवर कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट यांसारखे नाव असते. ते वंगण आहे. चुरचुर होईल तेव्हाच नव्हे, तर ठरलेल्या वेळी घालायचे असते. दिवसात चारपेक्षा अधिक वेळा लागत असतील तर संरक्षक रसायन नसलेले थेंब मागावेत, कारण ते रसायनच कोरड्या डोळ्यांना झोंबते. बाटली उघडल्या दिवसाची तारीख पेनाने तिच्यावर लिहावी आणि वेष्टनावर वेगळे सांगितले नसेल तर महिन्याने ती टाकून द्यावी. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. स्टिरॉइडचे थेंब हे विष नव्हे. नेत्रतज्ज्ञ सूज उतरवायला ते थोडे दिवस, दाबावर लक्ष ठेवून देतातही. पण जुनी चिठ्ठी दाखवून ते परस्पर आणू नका. प्रतिजैविकाच्या बाटलीतही ते मिसळलेले असू शकते, म्हणून अक्षरे वाचून घ्या. मध, गुलाबपाणी, एरंडेल, कांद्याचा रस यांपैकी काहीही डोळ्यांत घालू नका.

घरातील इतर औषधांची पिशवीही एकदा डॉक्टरांपुढे उपडी करावी. सर्दीच्या व अॅलर्जीच्या गोळ्या, झोपेसाठी वा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अमिट्रिप्टिलीन, लघवी रोखण्याची काही औषधे अश्रू आटवतात. काचबिंदूच्या थेंबांनीही कोरडेपणा येतो; तरी ते किंवा दुसरे कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये.

माशाच्या तेलाच्या महागड्या कॅप्सूल घ्याव्यात का, असे मला बरेच जण विचारतात. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत वर्षभर त्या घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा अधिक गुण आला नाही. जवसाची चटणी भाकरीबरोबर जरूर खा. ती रुचकर असते.

उसाचा हंगाम सरताना आमच्याकडे पाचट पेटते, महामार्गाची धूळ असतेच, आणि त्याच दिवसांत घराघरांत पंखे सुरू होतात. पंख्याचा झोत तोंडावर घेऊन झोपू नये. बाहेर पडताना बाजूने झाकणारा चष्मा घालावा. वाचताना, दूरदर्शन पाहताना पापण्या लवायच्या राहून जातात. पान उलटताना दोन क्षण डोळे पूर्ण मिटावेत.

डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडे पडत असेल, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नसेल, सांधे दुखत असतील, तर स्योग्रेनचा आजार आहे का ते तपासावे लागते. त्याचे उपचार वेगळे आहेत. पाणी एकाच डोळ्यातून येत असेल तर अश्रू नाकात नेणारी नळी बंद असू शकते. आणि डोळा ठणकणे, उजेड असह्य होणे, पू येणे, नजर अचानक कमी होणे यांपैकी काहीही दिसले तर शेक वा थेंब करत बसू नका; त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

आजींचा आजार बरा झाला असे मी म्हणणार नाही; तो आटोक्यात आहे. गेल्या चातुर्मासात त्यांनी पोथी पुन्हा हाती घेतली, रोज एक अध्याय, मध्ये दोनदा विसावा घेऊन. परवा सुनेने नवी बाटली दाखवायला आणली, तेव्हा तिच्यावर तारीख आधीच लिहिलेली होती.